ओल्यात टाकू की सुक्यात?

शहर इंदूर, वस्ती रामबाग. धंदा भाजणीचा: थालिपिठाची, उपासाची, चकलीची. जोडीला मेतकूट, कुळथाचं पीठ आणि दसऱ्यानंतर तीन आठवडे फराळ. चालवणाऱ्या दोघी, सासू (मी त्यांना काकू म्हणतो) आणि सून. मदतीला दोन बायका आणि घरघंटीवर बसणारा एक मुलगा. मी यांचा हिशेब आणि कागदपत्रं बघतो. त्यामुळे 'इको फ्रेंडली' पाकिटाचं हे प्रकरण मी काठावर उभं राहून पाहिलेलं नाही. त्यातल्या एका चुकीवर माझीही सही आहे. नावं दिलेली नाहीत, ती काकूंची अट. "लिहा काय लिहायचं ते, पण आमचं दुकान ओळखू आलं तर भाजणी बंद," असं त्या म्हणाल्या. म्हणजे माझी भाजणी, दुकानाची नव्हे.

पान छापलेलं पाकीट

२०२४ च्या गणपतीपर्यंत माल साध्या पारदर्शक पिशवीत जायचा. पिशवी मेणबत्तीवर चिकटवायचे दिवस गेले होते, सीलिंग मशीन आलं होतं. पण लेबल म्हणजे पिवळा कागद आणि त्यावर काकूंच्या अक्षराची झेरॉक्स. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामानगर इथल्या मराठी घरांना तेवढं पुरायचं. सुनेला पुरत नव्हतं, आणि तिचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. तिच्या वयाची गिऱ्हाइकं मोबाइलवर फोटो बघून माल मागवतात. फोटोत पिवळा कागद दिसतो, भाजणीचा वास येत नाही.

पॅकिंगचा माल विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे तिला क्राफ्ट पेपरची उभी राहणारी तयार पाकिटं मिळाली. बाहेरून खाकी कागद, आतून चंदेरी, वर झिप आणि खालच्या कोपऱ्यात हिरव्या पानाचं चित्र. पानाखाली 'इको फ्रेंडली' आणि 'शंभर टक्के नैसर्गिक'. हे छापूनच येतं. आत भाजणी भरा, मखाणे भरा की कुत्र्याची बिस्किटं, पान तेच. साधी पिशवी पावणेदोन रुपयांना पडायची, हे पाकीट आठ रुपयांना. सहा हजार घेतली तर साडेसहा. सहा हजार घेतली. माझी सही ती हीच.

मी हिशेब असा मांडला होता: अर्धा किलोचा भाव १६० वरून १८० केला की वरचे पावणेपाच रुपये सहज सुटतात. हिशेब बरोबर होता. पाकिटावर काय लिहिलंय तेही मी वाचलं होतं, पण ते मला विधान वाटलंच नाही, नक्षी वाटली. आपण काहीतरी म्हणतोय, आणि म्हटलेलं उद्या कुणी विचारू शकतो, हे डोक्यातच आलं नाही. सुनेनं वरच्या लेबलात आपली भर घातली: 'निसर्गाच्या जवळ, पर्यावरणाची काळजी'. काकूंनी एकदा विचारलं, "आपण नक्की कसली काळजी घेतो गं?" तिनं हसून विषय बदलला. मीही हसलो.

दिवाळीला माल चांगला गेला. त्यातला किती पानामुळे आणि किती दिवाळीमुळे, हे वेगळं काढायला काही मार्ग नव्हता. आम्ही श्रेय पानाला दिलं.

आजोबा

डिसेंबरात एक दिवस दर पंधरवड्याला अर्धा किलो नेणारे एक आजोबा आले. निवृत्त शिक्षक, सत्तरी ओलांडलेली. रिकामं पाकीट त्यांनी झटकून, पुसून, घडी घालून आणलं होतं. काउंटरवर ठेवलं आणि कोपऱ्यातून हळूहळू सोलायला घेतलं. खाकी कागद थोडा सुटला. मागे चंदेरी पापुद्रा, त्याला चिकटून आणखी एक पातळ पारदर्शक थर.

"सकाळी गाडीवाल्यानं विचारलं, बाबूजी, ये सूखे में जाएगा कि प्लास्टिक में? मला सांगता येईना. आता तुम्ही सांगा. ओल्यात टाकू, सुक्यात टाकू की प्लॅस्टिकात? तुम्ही तर पान छापलंय."

"आजोबा, कागदाचंच आहे ते, वरून," सून म्हणाली.

"वरून मीसुद्धा धडधाकट दिसतो."

मी त्या दिवशी तिथेच जीएसटीची बिलं लावत बसलो होतो. उत्तर मलाही आलं नाही.

दुसऱ्या एखाद्या शहरात हा प्रश्न चेष्टेवारी गेला असता. इंदुरात जात नाही. २०१७ ते २०२३, दर वर्षी स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर पहिलं आलं. २०२३ चा पहिला क्रमांक सुरतबरोबर वाटून मिळाला. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना झाडलेले रस्ते दिसतात. घरात राहणाऱ्याला दिसतात डबे. कचरागाडीला सहा कप्पे असतात: ओला, सुका, प्लॅस्टिक, सॅनिटरी, घरातला घातक कचरा आणि ई-कचरा. गाडीवरचा माणूस, ज्याला इथे 'सफाई मित्र' म्हणतात, तो पिशवीत डोकावतो आणि सरमिसळ दिसली तर बोलतो. इतकी वर्षं रोज सकाळी ही तोंडी परीक्षा दिलेलं गिऱ्हाईक आमच्या पाकिटाकडे बघत होतं. हिरव्या रंगावर भुलायचं त्याचं वय केव्हाच सरलं होतं, आणि आम्हाला वाटत होतं आपण त्याला पर्यावरण शिकवतोय.

हे कप्पे नुसते शोभेचेही नाहीत. देवगुराडियाला जिथे पूर्वी शहराच्या कचऱ्याचा डोंगर होता, तिथे बायो-सीएनजी प्रकल्प उभा आहे. १९ फेब्रुवारी २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची. त्यातून दिवसाला सुमारे १७ टन सीएनजी आणि १०० टन खत निघावं अशी आखणी. शहरातल्या काही बस याच गॅसवर धावतात. भाजीची देठं, साली, शिळं अन्न यांचा लगदा करून तो हवाबंद टाक्यांमध्ये कुजवायचा आणि निघणारा वायू शुद्ध करायचा, असं ते काम. अशा यंत्रणेत प्लॅस्टिकचा तुकडा पंपात नाहीतर ढवळणीत अडकतो, म्हणून तो आधीच वेचून बाजूला काढावा लागतो. तेव्हा ओलं आमच्या पाकिटाचं घर नव्हेच.

सुकंही नव्हे. रद्दीतला कागद पाण्यात घालून पुन्हा लगदा करतात. त्याला प्लॅस्टिकचा थर चिकटलेला असेल तर तो सुटत नाही आणि कागदवाला असा माल नाकारतो. प्लॅस्टिक एकाच जातीचं असेल तर धुऊन, वितळवून त्याचे दाणे होतात. पण त्याला कागद आणि ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेली फिल्म चिकटली असेल तर प्लॅस्टिकवालाही हात लावत नाही. आमचं पाकीट म्हणजे तिघांचा संसार होता, ज्यात काडीमोडाची सोयच नव्हती. तो माल शेवटी जाळायच्या ढिगात जायचा.

आणि जी साधी पारदर्शक पिशवी आम्ही गावठी म्हणून सोडली, ती एकाच जातीच्या प्लॅस्टिकची होती. प्लॅस्टिकच्या कप्प्यात ती बिनतक्रार जात होती. म्हणजे पान लावून आम्ही आमचा माल एक पायरी खाली नेला होता, वर पाकिटामागे पावणेपाच रुपये मोजून.

नियम काय म्हणतो

हे आधी वाचायला हवं होतं, मी नंतर वाचलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं १५ ऑक्टोबर २०२४ ला पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. आमची दिवाळीची पाकिटं बरोबर त्याच पंधरवड्यात बाहेर पडत होती. 'ग्रीन', 'इको फ्रेंडली', 'नैसर्गिक', 'शाश्वत' अशी मोघम विशेषणं नुसती लावून चालत नाही. नेमका अर्थ आणि पुरेसा पुरावा सोबत हवा, आणि तो गिऱ्हाइकाला सहज बघता यायला हवा. 'कंपोस्टेबल', 'रिसायकल होणारं', 'शंभर टक्के नैसर्गिक' असले ठोस दावे करायचे तर प्रमाणपत्र, शास्त्रीय पुरावा किंवा त्रयस्थाची तपासणी दाखवावी लागते. तुलना करायची तर कशाची कशाशी, हे सांगावं लागतं.

मला सगळ्यात उपयोगी वाटला तो भाग वेगळाच. दावा कशाबद्दल आहे ते स्पष्ट करा: अख्ख्या वस्तूबद्दल, तिच्या एखाद्या भागाबद्दल, बनवण्याच्या पद्धतीबद्दल, वेष्टनाबद्दल, वापराबद्दल की फेकण्याबद्दल. आमचं पान याला पुरं पडत नव्हतं. भाजणी इको फ्रेंडली? भाजायचा गॅस? पाकीट? घरघंटीची वीज? पान गप्प.

दंडाचंही सांगायला हवं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. हा आकडा मी काकूंना सांगितला तेव्हा त्या ज्वारी भाजत होत्या. झारा हातात तसाच राहिला आणि ज्वारी करपली. त्या कायद्यानं आमचं केलेलं प्रत्यक्ष नुकसान तेवढंच. रामबागेतल्या भाजणीवर दिल्लीहून कुणी धाड घालणार नव्हतं, हे मीही त्यांना सांगितलं. पण आजोबा धाड घालून गेलेच होते, आणि ते परत पंधरा दिवसांनी येणार होते.

सुनेनं लगेच दुसरी वाट काढली. "मग 'ऑरगॅनिक' लिहू. ज्वारी मामांच्या शेतातली आहे, त्यांनी युरिया टाकलेला नाही." मामांच्या शब्दावर माझा विश्वास आहे, लेबलवर मात्र तो छापता येत नाही. सेंद्रिय अन्नाचे अन्नसुरक्षा नियम २०१७ पासून आहेत. एनपीओपी (त्रयस्थ संस्था तपासते) किंवा पीजीएस-इंडिया (शेतकऱ्यांचे गट एकमेकांना तपासतात) यांपैकी एका पद्धतीचं प्रमाणीकरण लागतं, मग त्यावर 'जैविक भारत'चं चिन्ह येतं. लहान शेतकऱ्यानं स्वतःचा माल थेट गिऱ्हाइकाला विकला तर त्याला सूट आहे. ती मामांना लागू, त्यांची ज्वारी घेऊन भाजून विकणाऱ्या भाचीला नाही. शिवाय थालिपिठाच्या भाजणीत ज्वारीबरोबर बाजरी, तांदूळ, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे, जिरे. ती सगळी सियागंजाच्या घाऊक बाजारातून येतात. एका धान्याच्या पुण्याईवर सात जणांना देवळात नेता येत नाही.

चार वाटा, त्यांतल्या तीन बंद

पुढचे पाच-सहा आठवडे आम्ही पाकिटं शोधली. वाटा बंद का झाल्या ते लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कुणाचे पाच-सहा आठवडे वाचतील.

पहिली कंपोस्टेबल पिशवी. ऐकायला सुरेख. नियम असा की ती आयएस १७०८८ या मानकाला उतरलेली हवी आणि बनवणाऱ्याकडे किंवा विकणाऱ्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र हवं. एका विक्रेत्याला प्रमाणपत्र मागितलं. तो "पाठवतो" म्हणाला. अजून पाठवतोय. पण समजा खरी पिशवी मिळाली, तरी ती कुजते औद्योगिक कंपोस्टिंगमध्ये, साठेक अंशांच्या आसपास आठवडेच्या आठवडे तापत राहणाऱ्या ढिगात. गच्चीवरच्या कुंडीत ती वर्षभरानंतरही ओळख दाखवते. आणि इंदूरचा ओला कचरा जातो गॅसच्या टाकीकडे, जिथे आधी प्लॅस्टिकसारखं दिसणारं सगळं वेचून टाकतात. वेचणाऱ्याला आपली पिशवी मक्याच्या स्टार्चपासून केलीय की पेट्रोलियमपासून, हे दुरून कसं कळणार? एखाद्या गावात हीच पिशवी योग्य ठरेलही. ती कुठे जाऊन पडते, त्यावर सगळं अवलंबून.

दुसरी वाट नुसता कागद, थर न लावलेला. उन्हाळ्यात चालला असता. आषाढात इंदूरची हवा दमट झाली की भाजणी ओल धरते, आणि चकलीचं तेल तर कागदातून दुसऱ्या दिवशी काउंटरवर येतं. काकूंचे दीर म्हणाले, "आम्ही रद्दीत बांधून द्यायचो, कुणी मेलं नाही." सराफ्यातल्या खाऊगल्लीत आणि पोह्यांच्या गाड्यांवर एकेकाळी सगळे तेच करायचे. पण छपाईची शाई अन्नात उतरते, आणि २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी वर्तमानपत्रात अन्न बांधायला सरळ मनाई केलेली आहे. जुनं ते सगळंच हिरवं नसतं.

तिसरी वाट, डबे परत घ्यायचे आणि पुन्हा भरायचे. इथेही नियम बघावा लागतो. पत्र्याचा डबा अन्नासाठी एकदा वापरला की पुन्हा नाही. प्लॅस्टिकचा डबा पाच लिटर किंवा त्याहून मोठा, टिकाऊ आणि नीट धुता येणारा असेल तरच. काचेची बरणी चालते, ती स्वच्छ करता येत असेल तर. मेतकुटासाठी आम्ही काच धरली, कारण मेतकुटाचा वास धरून ठेवायला काचेसारखं काही नाही. भाजणीला ती परवडत नाही. अर्धा किलो पिठाला पाव किलो वजनाची बरणी वाहून नेणं मला तरी पटलं नाही.

चौथी वाट इतकी जवळ होती की दिसत नव्हती. जुनी पारदर्शक पिशवी.

पिवळा कागद परत

फेब्रुवारी २०२५ मध्ये भाजणी साध्या पॉलिप्रॉपिलिनच्या पिशवीत परत गेली. सुनेनं सोनाराकडचा छोटा काटा आणून दोन्ही तोलली. पान छापलेलं पाकीट १५ ग्रॅम, पिशवी साडेपाच. हा आकडा तिनं लेबलवर घेतला, विशेषण न लावता: 'या पिशवीचं वजन साडेपाच ग्रॅम. आमचं आधीचं पाकीट १५ ग्रॅमचं होतं.' त्याखाली: 'ही पिशवी प्लॅस्टिकची आहे. रिकामी झाली की झटकून प्लॅस्टिकच्या कप्प्यात टाका.' हेच हिंदीतही, कारण निम्मी गिऱ्हाइकं आता मराठी नाहीत.

या दोन ओळींवर घरात आठवडाभर वाद चालला. "कोण आपल्याच मालावर 'हे प्लॅस्टिक आहे' असं छापतं?" सुनेचा मुद्दा. माझं म्हणणं, गिऱ्हाइकाला ते दिसतंच आहे; आपण फक्त त्याच्या सकाळच्या प्रश्नाचं उत्तर आदल्या दिवशी देतोय. शेवटी काकूंनी निकाल दिला तो भलत्याच कारणानं: "पिवळ्या कागदावर छापणार असाल तर काहीही छापा."

पिशवी बदलली तसा एक खरा तोटा समोर आला. पॉलिप्रॉपिलिन ओल बऱ्यापैकी अडवतं, हवा अडवत नाही. चंदेरी पाकीट दोन्ही अडवायचं. भाजणीत बाजरी असते, आणि बाजरीच्या पिठातली चरबी फार लवकर कडू होते; धान्य भाजल्यामुळे ते लांबतं, टळत नाही. पूर्वी आम्ही चार महिन्यांची मुदत लिहायचो. आता सहा आठवडे. सुनेला वाटलं धंदा बसला.

काकूंनी मग भाजायची पद्धत बदलली. महिन्यातून एकदा मोठा घाणा काढायच्या ऐवजी दर सोमवारी आणि गुरुवारी लहान घाणे. लेबलवर मुदतीच्या वर मोठ्या आकड्यात भाजल्याची तारीख. दुकानाच्या दारात पाटी: 'आज भाजली'. पाटी सोमवारी आणि गुरुवारीच लागते, बाकीच्या दिवशी ती उलटी करून ठेवतात. मंगळवारी येऊन "आज नाही का भाजली?" म्हणत परत फिरणारी गिऱ्हाइकंही निघाली, काकूंना त्याचा राग येतो, मला येत नाही.

शिवाय स्वतःचा डबा आणला तर अर्धा किलोमागे पाच रुपये कमी. ही कल्पना नवी नाही; इंदुरात समारंभांना स्टीलची भांडी पुरवणाऱ्या 'बर्तन बँके'चा प्रयोग झालेला आहे, आणि त्याच्याही आधी आपल्या आया-आज्या चक्कीवर डबा घेऊनच जायच्या. अडचणी मात्र रोजच्या होत्या. आधी रिकामा डबा तोलून काटा शून्यावर आणायचा, नाहीतर मापात घोटाळा. ओला डबा घ्यायचा नाही. एक बाई लोणच्याच्या वासाचा डबा घेऊन आल्या. काकूंनी भरून दिला, आणि तिसऱ्या दिवशी तक्रार आली की भाजणीला मोहरीचा वास येतो. तेव्हापासून काउंटरवर डबा हुंगला जातो. हे काम करायला काकूंखेरीज कुणी धजत नाही.

जमाखर्च

वहीत जे आहे तेवढंच सांगतो. २०२५ च्या दिवाळीपर्यंत दुकानात येणाऱ्या दर दहा गिऱ्हाइकांत तीन-चार डबा आणायला लागली होती. भाव आम्ही १८० वरच ठेवला होता, पाकिटाचा खर्च साडेसहावरून पावणेदोनवर आला. विकलेला माल आदल्या वर्षाइतकाच, किंचित जास्त. गिऱ्हाईक टिकलं ते खरं बोलल्यामुळे, हे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. 'आज भाजली' ही पाटी जास्त बोलली असा माझा अंदाज आहे. विचारल्यावर लोक ताजेपणाचंच नाव घेतात. पिशवीच्या वजनाबद्दल आजवर दोघांनी विचारलं, त्यांतला एक पॅकिंगचा व्यापारी होता. पण ताजेपणा आला कुठून? मुदत कमी झाली म्हणून, आणि मुदत कमी झाली पिशवीमुळे. आम्ही ते ठरवून केलेलं नव्हतं.

गेलं तेही लिहितो. दिवाळीपूर्वी एका कंपनीकडून भेटीसाठी दोनशे खोक्यांची चौकशी आली. खरेदी बघणाऱ्या साहेबांना माल आवडला, भाव चालला. त्यांचं एकच म्हणणं: खोक्यावर 'इको फ्रेंडली' आणि पान हवं, वरून तशी सूचना आहे. सुनेनं समजावलं की खोका नुसत्या पुठ्ठ्याचा आहे, तो सुक्यात जातो, ते आम्ही लिहून देतो. साहेब म्हणाले, "मॅडम, इतना पढ़ेगा कौन? पत्ता छाप दो." आम्ही पान छापलं नाही. ऑर्डर दुसरीकडे गेली. सून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि त्या दोन दिवसांत मलाही माझी खात्री नव्हती. दोनशे खोकी म्हणजे या घराला लहान रक्कम नाही.

फराळाच्या खोक्यांवरून आणखी एक गोष्ट उघड झाली. मिठाईच्या डब्याला वरून गुंडाळायची ती कुरकुरीत पातळ फिल्म १ जुलै २०२२ पासून बंदी असलेल्या एकल वापराच्या वस्तूंच्या यादीत आहे. आम्ही २०२४ पर्यंत ती बिनधास्त वापरत होतो, पान छापलेल्या पाकिटांच्या बरोबरीनं. आता खोक्याला सुती नाडी बांधतात. नाडी बांधायला बायकांना फिल्मच्या दुप्पट वेळ लागतो, त्याची मजुरी आम्ही खर्चात धरली आहे.

आणि पार्सल. पुण्याला, बंगळुरूला जाणारी भाजणी पावसाळ्यात साध्या पिशवीतून पाठवून बघितली. जुलैत तीन पार्सलांची तक्रार आली, खवट वास. वाटेतल्या गोदामात माल किती दिवस पडेल ते आपल्या हातात नाही. वाया गेलेली भाजणी म्हणजे धान्य, गॅस, वीज आणि टपाल, सगळंच वाया. त्यापुढे पंधरा ग्रॅम पाकीट बरं, असा माझा हिशेब. सुनेला हे म्हणजे माघार वाटली. पण पार्सलासाठी हवा अडवणारं पाकीट लागणार, हे ठरलं.

तसं पाकीट विकत आणायची गरजच नव्हती. माळ्यावर पान छापलेली सदतीसशे पाकिटं पडून होती. फेकली तर ती न वापरताच कचरा. वापरली तर पान खोटं बोलणार. सुनेनं उपाय काढला, पानावर बरोबर बसेल असा गोल स्टिकर. त्यावर: 'हे पाकीट कागद आणि प्लॅस्टिक एकत्र चिकटवून केलेलं आहे. ते पुन्हा उपयोगात येत नाही. फक्त लांबच्या पार्सलासाठी.' 'शंभर टक्के नैसर्गिक' झाकायला खाली एक लांबट पट्टी. घरघंटीवरचा मुलगा दुपारी बसून रोज शंभरेक पाकिटांना चिकटवतो.

परवा आजोबा आले. लेकीला पुण्याला दोन किलो पाठवायची होती. सुनेनं पार्सलाची पाकिटं समोर ठेवली. त्यांनी चष्मा लावून स्टिकर अथपासून इतिपर्यंत वाचला, मान हलवली, पैसे काढले. मग स्टिकरची कड नखानं उचलून बघितली.

"हा कागदाचा आहे की प्लॅस्टिकचा?"

सुनेनं स्टिकरचा रोल उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला आणि छापखान्याला फोन लावला.